ताटातलं डोपिंग: शाकुतीची खसखस, सोरपोतेल, गुळवेलीचा काढा आणि प्रोटीनचा डबा

रापणकार (धागाकर्ता)

राज्य संघांच्या शिबिरात खेळाडूंना आणि पालकांना वाटायला दोन पानी टिपण करायचं चाललंय. परदेशी पत्रकं उघडली की मेक्सिकोतलं मांस आणि पेरूतला कोकाचा चहा. म्हापशाच्या पोराला कोकाचा चहा कुठे मिळणार? त्याच्या ताटात शाकुती असते, चवथीला नेवऱ्या (करंज्या), नाताळात शेजाऱ्यांकडचं सोरपोतेल. पावसाळ्यात आजी काढा पाजते आणि जिममध्ये कुणीतरी न विचारता शेकरमध्ये एक स्कूप ओतून देतं.

नियम सगळ्यांना ठाऊक आहे तरी एकदा लिहितो. मूत्रात जे सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूची, ते कसंही आत गेलेलं असो. 'मला कल्पना नव्हती' हे शिक्षा कमी करायला उपयोगी पडतं, निर्दोष सुटायला क्वचितच. पदार्थ 'विनिर्दिष्ट' गटातला, म्हणजे डोपिंगशिवाय दुसऱ्या कारणाने पोटात जाऊ शकणारा, नसेल (उदा. स्टेरॉइड) तर सुरुवातच चार वर्षांपासून होते, आणि हेतू नव्हता हे खेळाडूने सिद्ध करायचं.

मला हवंय ते एवढंच: गोव्याच्या स्वयंपाकघरात खरा धोका कशात आहे, किती प्रमाणात, किती वेळ आधी बंद करायचं. भीती घालणारं नको, माप हवं.

तिरफळ

खसखशीपासून सुरू करतो, कारण त्यात माप सांगता येतं.

वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) यादीत मॉर्फिन फक्त स्पर्धाकाळात बंद आहे आणि त्याला मर्यादा आहे: मूत्रात १.० मायक्रोग्रॅम प्रति मिलि. मोजमापातली अनिश्चितता धरून प्रयोगशाळा १.३ च्या वर गेल्यावरच पॉझिटिव्ह कळवते. ही बेरीज सुट्या आणि ग्लुकुरोनाइडशी बांधलेल्या मॉर्फिनची असते, हे विसरू नका. शरीर बहुतेक मॉर्फिन बांधूनच बाहेर टाकतं.

खसखशीच्या दाण्याच्या आत मॉर्फिन जवळजवळ नसतं. ते बोंडाच्या चिकातून दाण्याच्या सालीवर येतं. आपल्याकडे अफूची परवानाधारक शेती मंदसौर, नीमच, चितौडगढ भागात होते, तिथे बोंडाला चीर पाडून चीक काढतात आणि त्याच बोंडातली खसखस बाजारात येते. म्हणून एका पोत्यात आणि दुसऱ्या पोत्यात जमीन-अस्मानाचा फरक. युरोपीय संघाने २०२२ पासून ग्राहकाला विकायच्या खसखशीवर २० मिलिग्रॅम प्रति किलोची मर्यादा घातली आहे, पण न धुतलेल्या मालात १०० आणि त्याहून जास्तही सापडतं.

आता ढोबळ हिशेब. एक किलो कोंबडीच्या शाकुतीला दोन मोठे चमचे खसखस, म्हणजे साधारण १८ ग्रॅम. सहा ताटांत वाटली तर माणशी ३ ग्रॅम. माल १०० मिलिग्रॅमवाला धरला तर ताटात ०.३ मिलिग्रॅम मॉर्फिन. त्यातलं ६० टक्के रात्रभरात ४०० मिलि मूत्रात उतरलं असं धरा: ०.४५ मायक्रोग्रॅम प्रति मिलि. मर्यादेच्या आत. पण दोनदा वाढून घेतली आणि उन्हातल्या सरावाने मूत्र २५० मिलिवर आलं तर तोच आकडा १.४४ होतो. २० मिलिग्रॅमचा स्वच्छ माल असेल तर एका ताटाला ०.०९, काही प्रश्न नाही.

म्हणजे शाकुती सहसा मारत नाही. मारते ती खसखशीची खीर किंवा हलवा. एका वाटीत १५ ग्रॅम सहज जाते, भिजवलेल्या पाण्यासकट वाटतात, त्यामुळे सगळं मॉर्फिन पोटात. वरच्याच हिशेबाने २.२५.

सुंगट

तिरफळबाब, शाकुतीला खसखस भाजूनच घालतात की. भाजल्यावर उडून जात नाही का? आणि नेवऱ्यांचं काय? चवथीत कोण मोजून खातं?

तिरफळ

सुंगटबाय, मंद आचेवर दोन मिनिटं परतल्याने भरवसा ठेवण्याइतकं जात नाही. खसखस करपायच्या आत आपण उतरवतो, आणि मॉर्फिनला त्याहून जास्त ताप, जास्त वेळ लागतो. धुण्याने जास्त फरक पडतो कारण मॉर्फिन सालीवरच आहे. कोमट पाण्यात दोन-तीनदा चोळून, प्रत्येक पाणी ओतून टाकायचं, बारीक चाळणीत निथळायचं, मग वाळवून भाजायचं. भिजवलेलं पाणी वाटणात घेतलं तर धुण्याला काही अर्थ राहिला नाही. एवढं करूनही शून्य होत नाही, कमी होतं.

नेवऱ्या: सोय (खवलेलं खोबरं), रवा, तीळ यांच्या सारणात पंचवीस-तीस नेवऱ्यांना दोन मोठे चमचे खसखस पडते. एका नेवरीत ०.६ ते ०.७ ग्रॅम. आठ खाल्ल्या तर ५ ग्रॅम, म्हणजे दीड ताटाहून जास्त शाकुती. अनारशाला वरून लावतात ती खसखस बहुधा न धुतलेलीच असते.

मूत्रात मॉर्फिन एक-दोन दिवस राहतं. म्हणून टिपणात सरळ लिहा: स्पर्धेच्या आधी तीन दिवस खसखस नाही. शिबिराच्या भटारखान्यात शाकुती करायची असेल तर त्या आठवड्यात खसखशीऐवजी थोडे काजू वाटा. मसाला दाट होतो, चव थोडी गोड होते, कुणी तक्रार करत नाही.

बांबोळी_लेन४

एक गोष्ट आधी पक्की करा, नाहीतर मुलं सगळ्याच पदार्थांना एक नियम लावतात. 'स्पर्धाकाळ' सुरू होतो स्पर्धेच्या आदल्या रात्री ११.५९ ला. मॉर्फिन, गांजा-भांग, स्ट्रिक्निन, एफेड्रिन हे फक्त त्या काळात बंद. पण खाल्लं कधी हे कुणी बघत नाही, नमुना दिला तेव्हा मूत्रात काय होतं ते बघतात. आठवड्यापूर्वीची भांग स्पर्धेच्या दिवशी सापडली तर ती स्पर्धाकाळातलीच.

स्टेरॉइड, क्लेनब्युटेरॉल आणि टर्ब्युटालिन (श्वासनलिका रुंदावणारी औषधं), हिजेनामिन, मूत्रल औषधं मात्र बारा महिने बंद. त्यात सुट्टीचा हंगाम नाही.

दोतोर_मडगांव

सोरपोतेलवर लिहितो, कारण यावर अर्धवट माहिती फार फिरते.

न खच्ची केलेल्या नर डुकराच्या शरीरात नँड्रोलोन हे स्टेरॉइड नैसर्गिकरीत्या तयार होतं. वृषणांत सर्वांत जास्त, यकृत आणि मूत्रपिंडातही. माणसाने ते खाल्लं की मूत्रात १९-नॉरअँड्रोस्टेरोन येतं, म्हणजे नँड्रोलोनचं इंजेक्शन घेणाऱ्याच्या मूत्रात येतं तेच. फ्रान्समध्ये २००० च्या सुमारास स्वयंसेवकांना अशा डुकराचं मांस, काळीज, हृदय, मूत्रपिंड मिळून सुमारे ३०० ग्रॅम खायला घालून मोजलं होतं. साधारण दहा तासांनी पातळी शिखराला गेली, चोवीस तासांत खाली आली. शिखर काही नॅनोग्रॅम प्रति मिलि, पण तेव्हाच्या मर्यादेच्या वर.

सोरपोतेलमध्ये मांसाबरोबर काळीज, हृदय, कधी रक्तही पडतं. डुक्कर खच्ची केलेलं असेल किंवा मादी असेल तर हा प्रश्नच नाही. अडचण एवढीच की कढईत शिजलेल्या सोरपोतेलकडे बघून ते कळत नाही. चोरीसमध्ये (गोव्याच्या सॉसेजमध्ये) मुख्यतः मांस आणि चरबी, धोका आणखी कमी.

प्रयोगशाळा काय करते: २.५ ते १५ नॅनोग्रॅमच्या पट्ट्यात १९-नॉरअँड्रोस्टेरोन सापडलं तर कार्बनच्या समस्थानिकांचं गुणोत्तर तपासतात. कारखान्यातलं नँड्रोलोन वनस्पतींपासून बनतं, त्यातल्या कार्बनचा 'ठसा' माणसाच्या स्वतःच्या स्टेरॉइडपेक्षा वेगळा असतो. डुकराला मका जास्त दिला की त्याचा ठसा एक, सोयाबीन जास्त दिलं की दुसरा, आणि तो कारखान्यातल्या मालाजवळ सरकतो. तिथे घोळ होऊ शकतो.

टिपणासाठी: चाचणीच्या शक्यतेच्या आधी दोन दिवस डुकराचं काळीज-मूत्रपिंड नको. मांसाची भाजी, विंदालू चालेल.

जाता जाता, मुलींसाठी: पाळी पुढे ढकलायला नॉरएथिस्टेरोनच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात, सणासुदीला तर हमखास. त्या बंद नाहीत. पण त्यांच्यातूनही १९-नॉरअँड्रोस्टेरोनचा अंश मूत्रात येऊ शकतो. प्रयोगशाळेला गोळीच्या इतर खुणा दिसतात आणि ती फरक करू शकते, तरी नमुना देताना फॉर्मवर गोळीचं नाव लिहायलाच हवं. लाजून न लिहिणाऱ्या मुली जास्त असतात, म्हणून हे शिबिरात बाईमाणसाने सांगावं.

पाटो_पूल

दोतोरबाब, हे सगळं खरं असलं तरी उद्या प्रत्येक जण 'सोरपोतेल खाल्लं' म्हणून सुटायला बघेल. अमेरिकेची धावपटू शेल्बी हूलिहान हिने नँड्रोलोन सापडल्यावर डुकराच्या बरिटोचं कारण दिलं होतं, २०२१ मध्ये क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. आणि आपल्याकडचं मोठं उदाहरण नरसिंग यादवचं. तीन वेळचा महाराष्ट्र केसरी, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर मेथँडिएनोन हे स्टेरॉइड सापडलं, सोनीपतच्या केंद्रात खाण्यापिण्यात कुणीतरी मिसळलं असा बचाव. नाडाच्या (भारतातल्या उत्तेजकविरोधी संस्थेच्या) समितीने सोडलं, वाडा लवादाकडे गेली, लवादाने ऐन ऑलिंपिकमध्ये चार वर्षं दिली. 'कुणीतरी घातलं असेल' याला पुरावा लागतो. नुसता संशय चालत नाही.

दोतोर_मडगांव

मान्य, आणि म्हणूनच आधी टाळणं स्वस्त. उलट बाजूही सांगतो. २०११ ला मेक्सिकोत १७ वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकात २०८ पैकी १०९ नमुन्यांत क्लेनब्युटेरॉल सापडलं, चोवीसपैकी एकोणीस संघांतल्या मुलांच्या. एवढी पोरं एकाच वेळी डोपिंग करणार नाहीत, म्हणून ते जनावरांना वाढीसाठी दिलेलं, मांसातून आलेलं मानलं गेलं. २०१९ पासून ५ नॅनोग्रॅमच्या खालचं क्लेनब्युटेरॉल थेट पॉझिटिव्ह न धरता आधी चौकशी होते. तेव्हा अन्नाचं कारण कधी खरं असतं. पण खरं ठरायला देश, पदार्थ, वेळ आणि आकडा हे चारही जुळावे लागतात.

खाजन

मग आपल्या ब्रॉयलरचं काय? त्यांना हार्मोनची इंजेक्शनं देतात हे सगळ्यांना माहीत आहे. शिबिरात गावठी कोंबडीच ठेवावी.

तिरफळ

हे टिपणात घालू नका, हात जोडतो. पाच-दहा हजार कोंबड्यांच्या शेडमध्ये एकेकीला रोज इंजेक्शन देणं परवडतच नाही. वाढीची हार्मोनं प्रथिनं असतात, खाद्यात घातली तर पोटात पचून जातात. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत भरतो तो निवडक पैदाशीमुळे आणि खाद्यामुळे. कोंबडीतला खरा प्रश्न प्रतिजैविकांचा, तो आरोग्याचा विषय, डोपिंगचा नव्हे. गावठी चवीसाठी खावी.

काजरो

माझं टोपणनावच ज्या झाडाचं, त्यापासून सुरुवात. काजरा म्हणजे कुचला, बियांत स्ट्रिक्निन. ते वाडाच्या उत्तेजकांच्या यादीत नाव घेऊन आहे, स्पर्धाकाळात बंद, आणि त्याला कुठलीही मर्यादा नाही, म्हणजे अंश सापडला तरी पुरे. अग्नितुंडी वटी, विषतिंदुक वटी, नवजीवन रस यांत शुद्ध केलेला कुचला असतो. शुद्ध म्हणजे विषारीपणा कमी केलेला, स्ट्रिक्निनमुक्त नव्हे. पोट बिघडलं म्हणून अग्नितुंडी घेणारे खेळाडू असतात, त्यांना पत्ताही नसतो. होमिओपथीतलं नक्स व्होमिका ३० किंवा त्यावर विरळ केलेलं असेल तर त्यात मोजण्यासारखं काही उरत नाही, पण मूळ अर्क थेंबांनी घेत असाल तर तो कुचलाच.

दुसरं, गुळवेल. आपली अमृतवेल यादीत नाही. घोळ तिच्या जुळ्या बहिणीचा: टिनोस्पोरा क्रिस्पा. तिच्यात हिजेनामिन असतं, आणि वाडाच्या यादीत ते बीटा-२ गटात (श्वासनलिका रुंदावणाऱ्या पदार्थांत) बारा महिने बंद आहे. या दोन वेलींत गल्लत होते म्हणून आयुष मंत्रालयालाही खुलासा करावा लागला होता, तोही विषारीपणामुळे, डोपिंगमुळे नव्हे. ओळख: आपल्या गुळवेलीचं खोड हिरवट, वर पातळ कागदासारखी साल सुटते. क्रिस्पाचं खोड करडं आणि त्यावर दाट गाठीगाठी, जणू चामखिळी. कुंपणावरून वेल तोडताना हे दिसतं. बाजारातल्या चूर्णात काहीच दिसत नाही.

तिसरं, बला, आपला चिकणा. त्यात एफेड्रिन अल्प प्रमाणात असतं. एफेड्रिनला १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिची मर्यादा आहे, त्यामुळे काढ्यातल्या चिमटीने ती ओलांडणं कठीण. पण 'चरबी जाळणाऱ्या' गोळ्यांत बलेचा घट्ट अर्क आणि जोडीला एफेड्रा, म्हणजे सोमकल्प असला तर वेगळी गोष्ट.

आणि कस्तुरी. हसू नका. २०११ च्या महिला फुटबॉल विश्वचषकात उत्तर कोरियाच्या पाच खेळाडूंत स्टेरॉइड सापडली, संघाने कस्तुरीमृगाच्या ग्रंथीचं पारंपरिक औषध दिल्याचं सांगितलं. 'कस्तुरीयुक्त' असं बाटलीवर लिहिलं असेल आणि ते खरं असेल तर खेळाडूच्या उपयोगाचं नाही.

अश्वगंधा, गोखरू, शिलाजीत, ज्येष्ठमध, सुंठ, तुळस यांतलं काही यादीत नाही. पण ते मुळी-पानांच्या रूपात. 'स्टॅमिना'च्या कॅप्सूलमध्ये बसवले की आत आणखी काय आहे ते कंपनीच जाणे.

सुंगट

म्हणजे घरच्या काढ्यात तुळस, सुंठ, मिरी, गवती चहा एवढंच ठेवलं तर निर्धास्त?

काजरो

निर्धास्त. आणि बाटलीबंद काढा घ्यायचाच असेल तर मराठी नाव बघू नका, घटकांच्या यादीत शास्त्रीय नाव बघा. स्ट्रिक्नॉस (कुचला), एफेड्रा, सिडा (बला), टिनोस्पोरा क्रिस्पा यांतलं एक जरी दिसलं तरी बाटली खाली ठेवा. घटकच लिहिले नसतील तर तोही जबाबच.

बांबोळी_लेन४

आता मुख्य चोराकडे येऊ. एवढा वेळ आपण शाकुती-सोरपोतेलवर बोललो, पण पॉझिटिव्ह प्रकरणांत ताटापेक्षा डब्याचा वाटा कितीतरी मोठा. जर्मनीत कोलोनच्या प्रयोगशाळेने १३ देशांतली ६३४ पूरकं तपासली होती, २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: ९४ डब्यांत, म्हणजे १४.८ टक्क्यांत, लेबलवर नसलेली स्टेरॉइडची पूर्वद्रव्यं. कारण साधं. एकाच मिक्सरमध्ये सकाळी प्रोहार्मोन, दुपारी क्रिएटिन. पीठ गिरणीत ज्वारीनंतर गहू दळला तर पहिल्या पायलीत ज्वारी येतेच की. फरक इतकाच की गिरणीवाल्याला कुणी पिकोग्रॅममध्ये पकडत नाही, प्रयोगशाळा पकडते.

भारतातली दोन प्रकरणं. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर अनेक खेळाडूंत मेथिलहेक्झेनामिन हे उत्तेजक सापडलं, जे पूरकांच्या लेबलवर 'जिरॅनियमचा अर्क' म्हणून वावरत होतं. २०११ मध्ये ४×४०० रिलेच्या मुलींत स्टेरॉइड सापडली, बचाव होता परदेशी प्रशिक्षकाने दिलेल्या जिनसेंगचा. आधी एक वर्षाची बंदी झाली, लवादाने ती दोन वर्षांची केली. 'कोचने दिलं' हे कारण खेळाडूला वाचवत नाही.

घ्यायचंच असेल तर असं:

आधी आहारतज्ज्ञाकडून गरज ठरवा. ७० किलोच्या खेळाडूला दिवसाला ११०-१२० ग्रॅम प्रथिनं लागतात. बांगडा, अंडी, कडधान्य, दूध, दही यांतून ती येतात, फक्त नाश्ता नीट हवा.

तरी डबा लागला तर प्रत्येक बॅच तपासणाऱ्या त्रयस्थ संस्थेची खूण असलेला. खूण डब्यावर छापलेली असून भागत नाही, संस्थेच्या संकेतस्थळावर तो बॅच क्रमांक टाकून बघायचा. खोटी खूण छापायला काय लागतं?

'प्री-वर्कआउट', 'फॅट बर्नर', 'टेस्टो बूस्टर', 'मास गेनर' या चार जाती पूर्ण वर्ज्य. आठ दिवसांत वजन वाढवणाऱ्या स्थानिक पावडरींत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड औषध सापडल्याची उदाहरणं आहेत, भूक वाढते आणि चेहरा सुजतो ती त्याचीच खूण.

एकाच बॅचचे दोन डबे घ्यायचे, एक फोडायचा, एक सीलबंद ठेवायचा. बिल आणि बॅच क्रमांकाचा फोटो.

शेकर, स्कूप, पाण्याची बाटली दुसऱ्याला द्यायची नाही, घ्यायची नाही. मित्राच्या शेकरच्या झाकणातली वाळलेली पावडरसुद्धा मोजता येते.

पाटो_पूल

अवांतर: 'नैसर्गिक' हा शब्द डब्यावर जितका मोठा, तितका मागचा घटकांचा मजकूर बारीक. हा नियम वाडाने लिहिला नाही, पण चुकत नाही.

खाजन

शिगम्यात भांग आणि किनाऱ्यावरच्या पार्ट्यांतली ब्राउनी यावर कुणी बोलेना. आणि फेणी? उर्राक?

दोतोर_मडगांव

फेणी-उर्राक बंद नाहीत. तिरंदाजीसारख्या काही खेळांत पूर्वी दारू स्पर्धाकाळात बंद होती, २०१८ पासून ती वाडाच्या यादीतून गेली. पण एक खोच आहे. भरपूर दारूने, मुलींत विशेषतः, मूत्रातलं टेस्टोस्टेरोन-एपिटेस्टोस्टेरोनचं गुणोत्तर चढतं. ४ च्या वर गेलं की संशयाचं. प्रयोगशाळा दारूच्या खुणा तपासते आणि तो नमुना बाजूला ठेवते, पण मग पुन्हा पुन्हा चाचणीला बोलावणं येतं. चाचणीच्या आदल्या रात्री उर्राकची बाटली नको, एवढं पुरे.

भांग वेगळी. टीएचसी म्हणजे भांगेतला नशेचा घटक. शरीरात त्यापासून बनणाऱ्या द्रव्याची मर्यादा १५० नॅनोग्रॅम आहे, २०१३ पर्यंत ती १५ होती. एखादे वेळी घेतलेली काही दिवसांत खाली येते, नेहमी घेणाऱ्याच्या चरबीत साठते आणि काही आठवडे झिरपत राहते. खाल्लेली भांग ओढलेल्यापेक्षा हळू चढते, त्यामुळे माणूस 'काहीच झालं नाही' म्हणून दुसरा पेला घेतो. ब्राउनीत किती आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. भांगेच्या बिया आणि तेल खाद्य म्हणून २०२१ पासून विकायला परवानगी आहे. त्यात टीएचसी अत्यल्प असावं असा नियम, पण खेळाडूने त्यावर विसंबू नये. सीबीडी तेलाचंही तेच: सीबीडी (त्याच झाडातला नशा न आणणारा घटक) चालतं, सोबत आलेलं टीएचसी चालत नाही.

टीएचसी, कोकेन, एमडीएमए यांना 'व्यसनाचे पदार्थ' असा वेगळा नियम आहे. स्पर्धाकाळाबाहेर घेतलं आणि खेळाशी संबंध नव्हता हे सिद्ध झालं तर बंदी तीन महिन्यांची.

रापणकार

उत्तम चाललंय. खोकल्याचं औषध पिण्यातच धरू. पृथ्वी शॉला २०१९ मध्ये टर्ब्युटालिनमुळे आठ महिन्यांची बंदी झाली, तेही खोकल्याच्या साध्या सिरपमुळे.

दोतोर_मडगांव

हो, आणि ते गोव्यातल्या प्रत्येक फार्मसीत चिठ्ठीशिवाय मागणारे असतात. टर्ब्युटालिन बरोबर ब्रोम्हेक्झिन आणि ग्वायफेनेसिन असा तिघांचा संच फार चालतो. टर्ब्युटालिन बारा महिने बंद, मर्यादा नाही. दम्यावरचा साल्ब्युटामॉल पंपातून चालतो, चोवीस तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत आणि कुठल्याही आठ तासांत ६०० च्या आत. सिरप किंवा गोळीतला मात्र नाही.

सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन: मर्यादा १५० मायक्रोग्रॅम, स्पर्धेच्या निदान चोवीस तास आधी बंद. फिनाइलेफ्रिन चालतं. ट्रॅमाडॉल २०२४ पासून स्पर्धाकाळात बंद, दुखण्याच्या गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर लपलेलं असतं.

औषधाचं नाव नाडाच्या 'नो युवर मेडिसिन' मध्ये टाकून बघायचं. औषध अटळ असेल तर आधी उपचारासाठीची सूट मागायची, नंतर नव्हे.

दुसऱ्याच्या औषधाचाही विचार करा. अमेरिकेचा धावपटू गिल रॉबर्ट्स याच्या मूत्रात प्रोबेनेसिड हे बंदी असलेलं औषध सापडलं, ते त्याच्या मैत्रिणीने भारतात सायनससाठी घेतलेल्या कॅप्सूलमधलं, चुंबनातून गेलेलं. लवादाने हे मानलं, २०१८ मध्ये तो सुटला. भारतातल्या गोळीने अमेरिकेत घोटाळा केला.

बांबोळी_लेन४

चाचणीच्या खोलीतलं पिणंही टिपणात हवं. नमुना ९० मिलि लागतो आणि त्याचं विशिष्ट गुरुत्व निदान १.००५. फातोर्ड्यात ऑक्टोबरच्या उकाड्यात सामना संपला की मुलं घाबरून दोन लिटर पाणी ढोसतात, मूत्र पाण्यासारखं येतं, नमुना अपुरा ठरतो आणि पुन्हा बसावं लागतं. अर्धा-पाऊण लिटर, घोट घोट, मग थांबा.

बाटल्यांच्या ढिगातून स्वतः उचलायची, सील स्वतः तोडायचं. बाटली ठेवून शौचालयात गेलात तर परतल्यावर नवीन घ्या. बाहेरून आणलेलं शहाळं प्यायचं असेल तर ते तुमच्यासमोर फोडलेलं हवं.

फॉर्मवर गेल्या सात दिवसांतलं सगळं लिहायचं: औषध, काढा, प्रोटीन, पाळीची गोळी. काही राहिलं तर नंतर 'हे पूरक घेत होतो' म्हणणाऱ्यावर समिती सहसा विश्वास ठेवत नाही.

खाजन

आणि तरी पॉझिटिव्ह आलं तर?

पाटो_पूल

पहिल्या दिवशी समाजमाध्यमांवर काही लिहायचं नाही. 'ब' नमुना (त्याच मूत्राची राखून ठेवलेली दुसरी बाटली) उघडायची मागणी पत्रात दिलेल्या मुदतीत. सीलबंद डबा, उघडलेला डबा, काढ्याची बाटली, फार्मसीचं बिल, शिबिराच्या भटारखान्याचा त्या आठवड्याचा जेवणाचा तक्ता, सगळं एका जागी. उघडलेल्या डब्यात नंतर काही मिसळलं असा आक्षेप येतो, म्हणून त्याच बॅचचा सीलबंद डबा प्रयोगशाळेत पाठवलेला जास्त वजनदार. पूरक दूषित होतं हे सिद्ध झालं आणि निष्काळजीपणा मोठा नव्हता तर शिक्षा ताकिदीपासून दोन वर्षांपर्यंत कुठेही बसू शकते. उलट मुद्दाम केलं असेल तर वीस दिवसांत कबूल केल्यास चार वर्षांतलं एक कमी होतं. वकिलाशी बोलल्याशिवाय कबुली नको, कारण निर्दोष पोर घाबरून सही करतं.

सोळा वर्षांखालच्यांना संहितेत वेगळं संरक्षण आहे: पदार्थ कुठून आला हे त्यांना सिद्ध करावंच लागत नाही, तरी निष्काळजीपणा किरकोळ होता हे दाखवता येतं. पालकांना हे ठाऊक नसतं.

रापणकार

देव बरें करूं सगळ्यांना. टिपण आता बनेल. एकच अडलंय: यंदा चवथीच्या पाचव्या दिवशी निवड चाचणी आहे. पहिल्या दोन दिवसांत नेवऱ्या खाऊ नका म्हणून पोरांना सांगितलं तर टिपण कुणी वाचणार नाही.

तिरफळ

खायला सांगा, फक्त घरच्यांना सांगा सारणात खसखस घालू नका, तीळ दुप्पट करा. शेजाऱ्यांच्या घरच्या फक्त पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवसापासून बाहेरच्या फक्त पातोळ्यो, त्यांत हळदीचं पान, गूळ आणि खोबरं.